‘मी कायले बोलू?’ : टीम आतून कशी पोखरली जाते

नोव्हेंबरचे दिवस. आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरायला लागली होती आणि खोक्यांच्या ऑर्डरींनी आम्हाला पुरतं घेरलं होतं. हिंगणा एमआयडीसीतला मध्यम आकाराचा कारखाना, पाचपदरी कोरुगेटेड, म्हणजे पन्हळी पुठ्ठ्याची, खोकी बनवणारा. मी तेव्हा प्लॅनिंगमध्ये होतो. एका रात्रपाळीत पंचिंग मशीनवर डाय, म्हणजे भोकं पाडणारा साचा, उलटी बसली. संत्र्याच्या खोक्याला बाजूंनी हवेची भोकं लागतात. ती नेमकी तळाच्या घडीजवळ आली. म्हणजे माल भरून थर रचला की खोकं तिथूनच बसणार. सकाळी पाळी बदलली तेव्हा तीन हजारांवर खोकी बाद झाली होती.

चौकशीत कळलं, मशीनच्या तोंडाशी खोकी उचलणाऱ्या हेल्परनं पहिल्या पन्नासांतच हे पाहिलं होतं. मग सांगितलं का नाहीस? तो खाली बघत म्हणाला, “मी कायले बोलू जी? मागल्या टायमाले बोललो होतो ना.”

मागल्या टायमाचं असं होतं. आठ दिवस आधी त्याला डायबद्दल शंका आली म्हणून त्यानं ऑपरेटरला मशीन थांबवायला लावली. डाय बरोबर निघाली. सहा-सात मिनिटं गेली. तेवढ्यात सुपरवायझर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “काय बे, इंजिनिअर झाला का तू? मशीन थांबवाची लई हौस हाय तुले!” आजूबाजूचे दहा-बारा जण हसले. मीही हसलो, हे लिहिलंच पाहिजे. त्या हसण्याचं वजन पुढे रद्दीच्या काट्यावर झालं.

टीमवर्कच्या ट्रेनिंगमध्ये वाईट वागणुकीच्या लांबलचक याद्या दाखवतात. टोमणे, श्रेय लाटणं, कानभरणी, कामचुकारपणा, अबोला. मला त्या याद्या कधी पाठ झाल्या नाहीत. मी माझ्यापुरती एकच कसोटी ठेवली आहे: या वागण्यानं कुणाचं सांगणं बंद होतं का?

कारण कारखाना असो, बँकेची शाखा असो, मिहानमधली आयटी कंपनी असो की धरमपेठेतलं पाच जणांचं सीएचं ऑफिस असो, काम चालतं ते बारीकसारीक सांगण्यावर. ‘हा चेक परत येईल असं वाटतं.’ ‘त्या पार्टीचा आवाज आज वेगळा लागला.’ ‘बेअरिंग जरा गरम लागते.’ यातलं काहीही रिपोर्टात येत नाही. प्रत्येकाला आपल्यासमोरचा तुकडा दिसतो, अख्खं चित्र कुणालाच दिसत नाही. सांगणं थांबलं की ते तुकडे जिथल्या तिथे पडून राहतात. बाहेरून मात्र सगळं शांत, शिस्तीत दिसतं. साहेब खूश असतात, की आजकाल तक्रारीच येत नाहीत.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेला हे उलट्या बाजूनं सापडलं. १९९० च्या दशकात त्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. अंदाज साधा होता, की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे आले ते भलतेच. जिथे नर्सेसचं आपसात आणि मुख्य नर्सशी चांगलं जमत होतं, त्याच वॉर्डांत चुकांची नोंद जास्त. डोकं खाजवल्यावर त्यांना उलगडा झाला तो असा, की तिथे चुका जास्त होत नसाव्यात, सांगितल्या जास्त जात असाव्यात. भीतीच्या वॉर्डात चूक नोंदवहीपर्यंत पोचतच नव्हती. पुढे एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास करून १९९९ मध्ये त्यांनी मांडलेली ‘मानसिक सुरक्षितते’ची कल्पना आज सगळीकडे ऐकू येते. तिचा अर्थ लाड करणं नाही, सगळ्यांनी गोड बोलणं तर अजिबात नाही. प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा साहेबांपेक्षा वेगळं बोललं म्हणून आपली फजिती होणार नाही, एवढी खात्री असणं. बस.

आता चारचौघांत झालेल्या अपमानाचं बघू, कारण त्याला आपण फार स्वस्तात सोडतो. ‘साहेब तोंडाचे फटकळ आहेत, पण मनाचे चांगले आहेत’ हे वाक्य प्रत्येक ऑफिसात कुणाबद्दल तरी बोललं जातं. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांतल्या २४ टीमवर एक प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाचा प्रसंग होता. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाची तब्येत बिघडत चालली आहे, निदान करा, उपचार करा. बाहेर देशातला एक तज्ज्ञ बघतो आहे असं टीमना सांगितलं होतं. काही टीमना त्याचं बोलणं साधं, कामापुरतं ऐकवलं. बाकीच्यांना त्यानं तिथल्या वैद्यकीय दर्जाबद्दल तुच्छतेनं दोन-चार शब्द ऐकवले. शिवी दिली नाही, आरडाओरडा केला नाही. तरी ज्यांनी ते शब्द ऐकले त्यांचं निदानही घसरलं आणि हातानं करायचं कामही. कुठल्या टीमला काय ऐकवलं हे गुण देणाऱ्या परीक्षकांना माहीत नव्हतं.

मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या टीममधल्या लोकांनी एकमेकांना माहिती कमी सांगितली आणि मदत कमी मागितली. हात थरथरले असं नाही, तोंडं मिटली. डॉक्टर-नर्सचं हे होतं, तर रोजंदारीवरच्या हेल्परचं काय घेऊन बसलात?

एक बाजूचा मुद्दा. ‘बे’नं नागपुरात कुणाचा अपमान होत नाही, तो आमच्याकडे मायेचा शब्द आहे. पण तर्री-पोह्याच्या ठेल्यावर ‘काय बे’ म्हणणारा दोस्त आणि मशीनवर ‘काय बे’ म्हणणारा सुपरवायझर यांत फरक आहे. ठेल्यावर आपल्याला उलटून ‘काय बे’ म्हणता येतं.

खापर फोडणं हे याचंच थोरलं भावंड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: वर्षभराची सगळी इडापीडा त्या पुतळ्यावर लादून, ‘घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत तिची मिरवणूक काढायची आणि शेवटी जाळायची. सोबत बडगे असतात, त्या-त्या वर्षी लोक ज्याच्यावर चिडले असतील त्याचे पुतळे. मला हा सण मनापासून आवडतो, लहानपणी इतवारीत आत्याच्या गॅलरीत लटकून बघितला आहे. शहरानं वर्षातून एकदा जळफळाट बाहेर काढावा, त्यात वाईट काही नाही. फक्त ऑफिसात मारबत दर महिन्याला निघते आणि ती जिवंत माणसाची असते.

आमच्याकडे त्या तीन हजार खोक्यांची मीटिंग चाळीसेक मिनिटं चालली. त्यातली पस्तीस ‘कोण’वर गेली. डाय कोणी लावली, कोण हजर होतं, सही कोणाची. शेवटी हेल्परचं नाव निघालं, तो ठेकेदाराकडचा होता, त्याला दुसऱ्या दिवसापासून गेटवर अडवलं. मीटिंग संपली, चहा आला, सगळ्यांना हलकं वाटलं. पुढच्याच महिन्यात डाय पुन्हा उलटी बसली. या वेळी हेल्पर दुसरा होता.

मग कुणीतरी शांतपणे डाय हातात घेऊन पाहिली. वरची कड आणि खालची कड दिसायला सारखीच होती, खूण कुठेच नव्हती. रात्री तीन वाजता पिवळ्या बल्बखाली कुणीही ती उलटी लावली असती. डायच्या एका कडेला लाल ऑइलपेंटचा पट्टा ओढला आणि तो प्रकार कायमचा थांबला.

असं का होतं याला मानसशास्त्रात नाव आहे, ‘फंडामेंटल अ‍ॅट्रिब्युशन एरर’. ली रॉस यांनी १९७७ मध्ये ते रूढ केलं. मराठीत सांगायचं तर: दुसऱ्याची चूक आपण त्याच्या स्वभावावर ढकलतो, त्याच्या परिस्थितीकडे बघत नाही. स्वतःच्या चुकीला मात्र परिस्थिती लगेच आठवते. तो उशिरा आला तर बेफिकीर. मी उशिरा आलो तर वर्धा रोडवर जाम होता. माणूस समोर दिसतो, परिस्थिती दिसत नाही, म्हणून बोट माणसाकडे जातं. यात कुणी दुष्ट असावं लागत नाही. पण ज्यांनी ती मारबत निघताना पाहिली, ते पुढच्या वेळी आपला तुकडा खिशातच ठेवतात.

हे फक्त छोट्या कारखान्यांत होतं असं वाटत असेल तर चॅलेंजर यानाची आठवण काढा. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री रॉकेटचे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगितलं, की उद्याची थंडी रबरी सीलना झेपणार नाही, उड्डाण करू नका. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली. कंपनीच्या चार वरिष्ठांनी फोन बाजूला ठेवून आपसात चर्चा केली. त्यातल्या एकाला वरिष्ठानं सांगितलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. मत बदललं. फोन परत जोडल्यावर कुणाचं वेगळं म्हणणं आहे का, असं विचारलं गेलं. लाइनवर शांतता. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. ‘काही शंका असेल तर विचारा’ हे वाक्य मीटिंगच्या शेवटी, निर्णय झाल्यावर बोलायचं असतं, असा आपल्याकडेही समज आहे.

श्रेय लाटण्याबद्दल मात्र माझं मत थोडं नरम झालं आहे. पूर्वी वाटायचं, ‘हे मी केलं’ म्हणणारा प्रत्येक जण लबाड. मग मायकेल रॉस (हा रॉस वेगळा) आणि फिओरे सिकोली यांचा १९७९ चा अभ्यास वाचनात आला. त्यांनी ३७ जोडप्यांना घरातली कामं दाखवून विचारलं, यातला तुमचा वाटा किती? नवरा-बायकोचे आकडे बेरीज केले तर बहुतेक जोडप्यांत ते शंभर टक्क्यांच्या वर गेले. गंमत म्हणजे भांडण सुरू करण्यातला वाटाही लोकांनी स्वतःकडे जास्त घेतला. म्हणजे ही निव्वळ फुशारकी नव्हती. आपण केलेलं आपल्याला आठवतं, कारण तेव्हा आपण तिथे होतो. दुसऱ्यानं केलेलं आपल्यासमोर घडलेलंच नसतं.

तेव्हा प्रेझेंटेशनमध्ये तुमचं नाव राहिलं तर पहिल्या फटक्यात डूख धरू नका. दुसऱ्या वेळीही राहिलं तर बोला. तिसऱ्या वेळी तो लबाडच आहे. माझ्या ओळखीतल्या एका मॅडमची पद्धत मला पटते. त्या महिन्याचा रिपोर्ट वर पाठवण्याआधी टीमला दाखवतात आणि विचारतात, “यात कोणाचं नाव राहिलं?” दर वेळी एखादं नाव राहिलेलं असतं. बहुतेकदा ते अशा माणसाचं असतं, ज्यानं काही बिघडू दिलं नाही. बिघाड झालाच नाही तर तो कुणाला दिसणार?

माहिती दाबून ठेवणाऱ्यांनाही आपण सरसकट खलनायक करतो. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते. कुठल्या कागदाला गम किती घट्ट लागतो, पावसाळ्यात रोलरचं तापमान किती ठेवायचं, हे सगळं त्यांच्या छोट्या डायरीत. डायरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या खिशात, खिशाला सेफ्टी पिन. ते रजेवर गेले की मशीन रुसायची. सगळे म्हणायचे, म्हातारा आखडू आहे. एकदा पारशिवनीला त्यांच्याकडे लग्नाला गेलो तेव्हा तेच म्हणाले, “सर, डायरी देऊन टाकली तर मंग मले ठेवतीन कायले?” त्यांच्याआधी दोघांनी नव्या पोरांना शिकवलं होतं आणि शिकवून झाल्यावर दोघांचं काम गेलं होतं. हे ऐकल्यावर ‘नॉलेज शेअरिंग’वर भाषण द्यायला माझी जीभ रेटली नाही. आधी माणसाला सांगावं लागतं, की डायरी दिल्यावरही तू राहशील. आणि ते खरं असावं लागतं.

कामचुकारपणा. यावर ऑफिसातले सगळे तासन् तास बोलू शकतात, मी थोडक्यात उरकतो. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच शेती-अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला. निष्कर्ष १९१३ मध्ये छापले. एकट्या माणसाचा जोर १०० धरला, तर दोघं ओढताना माणशी ९३, तिघं असताना ८५ आणि आठ जण झाल्यावर ४९. म्हणजे आठ जणांनी मिळून चार जणांएवढाही जोर लावला नाही. थोडा भाग एकाच वेळी हिसका न बसल्याचा, उरलेला ‘बाकीचे ओढताहेत ना’ याचा. पुढच्या संशोधनात एक साधी गोष्ट दिसली, की प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जातोय हे कळल्यावर ही ढिलाई जवळपास नाहीशी होते. तेव्हा ‘आपण सगळे मिळून बघून घेऊ’ असं ठरलेलं काम कुणीच बघत नाही, यात नवल नाही. नाव लिहा. एका कामापुढे एक नाव. दोन लिहिलीत तर एकही लिहिलं नाही असं समजा.

खरा कीड लावणारा प्रकार मला कानभरणी वाटतो. पण त्यात भरणाऱ्यापेक्षा कान देणारा जास्त जबाबदार. साहेबांच्या केबिनचं दार लावून ‘सर, तुम्हाला म्हणून सांगतो’ सुरू झालं आणि साहेबांनी खुर्ची पुढे ओढली, की उरलेल्यांना संदेश गेला: इथे समोर बोलून उपयोग नाही, दाराआड बोलायचं. मेलमध्ये उगाच साहेबांना सीसी टाकणं ही त्याचीच सुशिक्षित आवृत्ती. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मुख्य ग्रुपशिवाय ‘त्याला सोडून’ काढलेला दुसरा ग्रुप. तुमच्या टीमचे असे किती ग्रुप आहेत ते मोजा, बाकीची तपासणी करायची गरज पडणार नाही. दाराआड आलेल्याला साधा प्रश्न विचारता येतो: “हे तू त्याच्याशी बोलला का? नाही? चल, त्याला बोलवू.” दोनदा असं झालं की निम्मी गर्दी आपोआप ओसरते.

काही गोष्टी मात्र ‘वागणूक’ या गुळगुळीत शब्दात बसवू नयेत. आडनाव ऐकून सूर बदलणं, कोण कोट्यातून आला याचे विनोद, डब्याच्या टेबलावर कोणाशेजारी बसायचं नाही याचे अलिखित नियम. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, तिथल्या ऑफिसांतही हे चालतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाईमाणसाला दिलेल्या त्रासासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. इथे ‘आपसात बोलून मिटवा’ हा सल्ला देणारा माणूस त्रास देणाऱ्याच्या बाजूला उभा असतो.

आणि भांडण? भांडणाला घाबरू नये. कॅरन जेन यांनी १९९५ मध्ये कामावरचा वाद आणि माणसावरचा वाद असा फरक मांडला, तो रोज कामी येतो. ‘हा गम पावसाळ्यात टिकणार नाही’ हा पहिला प्रकार. ‘तुले काही समजत नाही’ हा दुसरा. अडचण एवढीच, की पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरायला अर्धं मिनिट पुरतं, आणि मे महिन्यात दुपारी दोनला, कूलरचं पाणी संपलेलं असताना, तेवढंही लागत नाही. आम्ही उन्हाळ्यात अवघड मीटिंगा सकाळी साडेआठला घ्यायला लागलो. हे व्यवस्थापनशास्त्र आहे की नुसता शहाणपणा, ठाऊक नाही.

टोयोटाच्या कारखान्यांत लाइनच्या वरून एक दोरी जायची. काही चुकतंय असं वाटलं की साधा कामगार ती ओढायचा, दिवा लागायचा, टीम लीडर धावत यायचा आणि ठरल्या वेळात सुटलं नाही तर अख्खी लाइन थांबायची. ही गोष्ट ऐकून पुष्कळ कंपन्यांनी दिवे बसवले. मी नंतर बुटीबोरीला ज्या कारखान्यात गेलो तिथेही होता, लाल दिवा आणि खाली बटण. पहिले दीड महिने बटणावरचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

मग एका दुपारी एका नव्या मुलीनं ते दाबलं. मशीन थांबली. सुपरवायझर आले, फिटर आला, मीही गेलो. खोलून पाहिलं, काहीच नव्हतं. अकरा मिनिटं गेली. ती मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी, आणि लाइनवरचे सगळे हातातलं काम सोडून सुपरवायझरच्या तोंडाकडे बघत होते. मीसुद्धा बघत होतो. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, तिला विचारलं, “आवाज कुठून आला म्हणतेस?” तिनं हातानं दाखवलं. ते तिथे वाकले, कान लावला, म्हणाले, “बरं केलं. चालू करा.”

त्या आठवड्यात दिवा आणखी तीनदा लागला. दोनदा उगाच. तिसऱ्या वेळी रोलरचा बोल्ट खरंच सैल होता.